सुरतेची रक्कम धडगावी कशी पोचते

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे ठाणे. सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेल्या या गावी सपाटीवरून चढणाऱ्या मुख्य वाटा तीन : शहाद्याहून म्हसावदवरून जाणारी, तळोद्याहून चांदसैलीच्या घाटाने जाणारी आणि अक्कलकुव्याहून मोलगीवरून जाणारी. पावसाळ्यात चांदसैलीच्या घाटात दरड कोसळली की त्या बाजूचा संबंध तुटतो. तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा वाहते. वस्ती मुख्यतः पावरा व भिल्ल बांधवांची. दुकानदारीच्या निमित्ताने सपाटीवरून वर गेलेली कुटुंबे थोडी, आणि त्यांत आपल्या ज्ञातीचीही काही. ज्ञातीच्या वार्षिक अंकात घराण्यांचा, देवस्थानांचा आणि परिषदांचा इतिहास नेहमी येतो. ज्या पैशावर ही घराणी उभी राहिली तो एका गावाहून दुसऱ्या गावी, एका पेढीतून दुसऱ्या पेढीत कसा जात असे, याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. तो येथे लिहिण्याचा आमचा मानस आहे.

या व्यवहाराचे मर्म प्रथमच सांगून ठेवतो. सुरतेच्या एका बँकेतील शंभर रुपये धडगावच्या दुसऱ्या बँकेत जमा होतात, तेव्हा कोणतेही नाणे अथवा नोट सुरतेहून निघत नाही. एका वहीत शंभर रुपये नावे पडतात, दुसऱ्या वहीत जमा पडतात, आणि या दोन्ही वह्यांवर ज्याचा विश्वास आहे असा कोणी तिसरा आपल्या वहीत या दोघांचा हिशेब वळता करून घेतो. पूर्वीही असेच होते, आजही असेच आहे. बदलत गेला तो हा मधला तिसरा. तो कोण होता, त्याने या कामाचे काय घेतले, आणि रक्कम वाटेत हरवली तर भरपाई कोणी केली, या प्रश्नांकडे लक्ष ठेवून हा इतिहास वाचावा, अशी वाचकांस विनंती आहे.

सतराव्या शतकात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठे बंदर होते आणि सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा राजमार्ग आपल्या नवापूर-नंदुरबारवरून जात असे. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या मार्गाने गेला होता. त्याचा प्रवासवृत्तांत १६७६ साली प्रसिद्ध झाला. नवापूरच्या सुवासिक तांदळाची त्याने केलेली वाखाणणी नवापूरकरांनी अवश्य वाचावी. पण आम्हांस तिच्याहून मोलाची वाटते ती त्याने दिलेली हुंडणावळीच्या दरांची यादी. सुरतेवर हुंडी केली असता अहमदाबादेस शेकडा एक ते दीड, बऱ्हाणपुरास अडीच ते तीन, आग्र्यास सव्वाचार ते पाच आणि दूरच्या ढाक्यास दहापर्यंत, असे दर तो देतो. जसे अंतर व जशी वाटेतील जोखीम, तशी हुंडणावळ. मधल्या माणसाची मजुरी त्या काळी उघड बोलली जात असे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हुंडी म्हणजे एका गावच्या शराफाने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यावर लिहिलेली चिठ्ठी : अमक्याकडून येथे रक्कम पावली, ती तेथे द्यावी. पाहताक्षणी द्यावयाची ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाची ती मुदती. रक्कम कोणाच्या हाती द्यावयाची यावरून तिचे आणखी प्रकार पडत. नाव लिहिलेल्या माणसालाच द्यावयाची ती नामजोग. बाजारात ज्याची पत आहे अशा प्रतिष्ठित शहामार्फतच जिची वसुली व्हावयाची ती शहाजोग. पुढे ती हुंडी चोरीची अथवा बनावट निघाली तर ज्या शहाने पैसे उचलले त्याने ते व्याजासह परत करावेत, असा रिवाज होता. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजी 'पेठ' लिहून मिळे, पेठही हरवली तर 'परपेठ', आणि तीही नाहीशी झाली तर 'मेजर'. रक्कम चुकून लिहिली जाऊ नये अथवा कोणी ती फिरवू नये म्हणून हुंडीत ती मांडण्याची खास तऱ्हा असे : रुपये एक हजार, ज्याचे निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे एक हजार. आज मोबाईलवर खाते क्रमांक दोनदा लिहावयास लावतात, तेव्हा ही रीत फारशी नवी नाही असे आम्हांस वाटून जाते.

नरसी मेहतांची हुंडी आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. द्वारकेच्या यात्रेकरूंकडून सातशे रुपये घेऊन त्यांनी शामळशा शेठच्या नावे हुंडी लिहिली, आणि त्या नावाचा शेठ तेथे नसता प्रत्यक्ष भगवंताने ती वठविली. कथेतील चमत्कार भाविकांचा. परंतु ती रचणाऱ्यास व्यवहार पक्का कळत होता. हुंडी लिहिणे सोपे असते, पलीकडे ती पत्करणारा कोणी असावा लागतो.

शराफ एकमेकांवर हुंड्या लिहीत आणि काही काळाने परस्परांचे येणेदेणे वळते करून फक्त उरलेली बाकी रोकडीने चुकवीत. 'हवाला' हा शब्द याच व्यवहारातला. एकाचे देणे दुसऱ्याच्या अंगावर सोपविणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. आज तो शब्द उच्चारताच बेकायदा व्यवहार डोळ्यांपुढे येतो, पण त्यात शब्दाचा दोष नाही. रोकड व मौल्यवान जिन्नस अंगावर वाहून नेणारे अंगडिये गुजरातेत त्याच परंपरेतून टिकून राहिले.

१८१८ साली खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. १८६१ च्या कायद्याने कागदी चलन सरकारने आपल्या हाती घेतले. परंतु आरंभी नोटा मंडलवार असत व एका मंडलाची नोट दुसऱ्या मंडलात वटविण्याचा हक्क नसे. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालू झाली ती १९०३ साली. दहा व पन्नासांच्या नोटांना ती सोय १९१० साली आणि शंभराच्या नोटेस १९११ साली मिळाली. तोपर्यंत दूर पैसे पाठविणारे सावध गृहस्थ नोटेचे मधोमध दोन तुकडे करीत, एक तुकडा टपालाने धाडीत, आणि तो पोचल्याचे पत्र आल्यावर दुसरा रवाना करीत. पलीकडचा गृहस्थ ते जोडून घेई. ही युक्ती आज हास्यास्पद वाटेल. परंतु पैसा आणि विश्वास एकाच लखोट्यात घालू नये हे शहाणपण तीत होते.

मनिऑर्डर १८८० पासून टपालखात्याने सुरू केली. सामान्य माणसाच्या दृष्टीने बँकांच्या सर्व शोधांपेक्षा आम्ही तिला मोठी मानतो. हुंडी पतदाराची होती. मनिऑर्डरीस पत लागत नसे, खाते लागत नसे, अक्षरओळखही लागत नसे. अर्ज कारकुनाने अथवा शेजाऱ्याने भरावा, आणि तळच्या कुपनावर 'सर्व खुशाल' एवढे लिहावे. पोस्टमन घरी येऊन, साक्षीदारासमक्ष अंगठा घेऊन रोकड मोजून देई. वीस रुपयांस एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, हा तिचा दर पुढे दीर्घकाळ चालला. टॅव्हर्नियेच्या वेळी आग्र्याच्या हुंडीस जे पडत होते तेच विसाव्या शतकातील मजुरासही पडले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली.

धडगावी मनिऑर्डर कशी पोचे, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. दिवाळी सरली की अक्राणीतील माणसे ऊसतोडीस व बांधकामास गुजरातेत उतरत, आजही उतरतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे पाडे डोंगरात दूरदूर विखुरलेले. पोस्टमनने प्रत्येक पाड्यावर जावे हे होणे नव्हते. म्हणून पैसे बाजारच्या दिवशी गावातच मिळत, आणि बहुधा एखाद्या दुकानाच्या पायरीवर. ओळख पटविणारा दुकानदार, साक्षीदारही तोच, आणि तेल-मिठाची उधारी ज्याच्या वहीत होती तोही तोच. मोजून दिलेल्या रकमेतून उधारी तेथल्या तेथे कापली जाई. ज्यांनी हे केले त्यांत आपल्याही ज्ञातीची माणसे होती. काहींनी चोख हिशेब राखला, आणि त्यांचे नाव पाड्यापाड्यांवर अजून आदराने घेतले जाते. काहींची वही फक्त त्यांनाच वाचता येत होती. ज्ञातीच्या अंकात केवळ पहिल्या प्रकारच्या माणसांविषयी लिहिण्याची रूढी आहे. इतिहास लिहावयाचा तर दुसऱ्या प्रकारच्या माणसांनाही वगळून चालणार नाही.

दुकानदाराची अडचणही निराळी नव्हती. उन्हाळ्यात धडगावी आमचुराचा मोठा बाजार भरतो. चारोळी, मोहाची फुले वगैरे रानमेवाही येतो. विकणारास रोकड हवी, आणि ती रोकड घाटावरून थैलीत भरून न्यावी लागे. माल खाली जाई, पैसा वर येई, आणि दोहोंची जोखीम व्यापाऱ्यावर. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेपासून नंदुरबारवरून पुढे अमळनेरपर्यंत झाली, तेव्हा नंदुरबार-दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यांस सुरत जवळ आली. धडगावकरांचा घाट होता तेथेच राहिला.

बँकांचे युग आले ते या भागात उशिरा. मुंबईस बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्येच स्थापन झाली होती. शेअरांच्या सट्ट्यानंतर ती बुडाली आणि १८६८ साली त्याच नावाने नवी उभी राहिली. १९२१ साली ती इंपीरियल बँकेत विलीन झाली व १९५५ च्या १ जुलैस इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा तालुक्यांकडे वळल्या. परंतु पैसा ज्या खात्यात आहे त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत पाठविणे एक, आणि परक्या बँकेत पाठविणे दुसरे. आपल्याच शाखेत पाठविण्यास टपाली वर्ग होता, तारेने वर्ग होता. तारेत गुप्त सांकेतिक आकडा घालीत, तो जुळला तरच पलीकडचा अधिकारी रक्कम देई. परक्या बँकेसाठी एक तर ड्राफ्ट काढून तो टपालाने धाडावा, नाही तर चेक द्यावा.

परगावच्या चेकचा प्रवास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो सांगणे नको. सुरतेच्या बँकेचा चेक धडगावी भरला की तो टपालाने खाली जाई, सुरतेच्या समाशोधनगृहात सादर होई, वटल्याचे पत्र उलट येई, मग रक्कम जमा पडे. या सर्वांस आठवडे लागत. त्या आठवड्यांत रक्कम देणाऱ्याच्या खात्यातून गेलेली असे आणि घेणाऱ्याच्या खात्यात आलेली नसे. मग ती कोणाजवळ होती? ज्या बँकांजवळ ती होती त्यांना ती तेवढे दिवस बिनव्याजी वापरावयास मिळाली, हे उघड आहे. शराफ हुंडणावळ तोंडावर सांगून घेत असे. बँकेची हुंडणावळ दिवसांच्या रूपाने, न बोलता घेतली जाई. या एका बाबतीत आम्ही जुन्या शराफाची बाजू घेऊ.

हा विलंब मोडला तो रिझर्व्ह बँकेने, आणि तोही टप्प्याटप्प्याने. चुंबकीय शाईचे चेक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांत आले. २००४ च्या मार्चमध्ये आरटीजीएस सुरू झाली व २००५ च्या नोव्हेंबरात एनईएफटी. या दोहोंत मधला तिसरा म्हणजे स्वतः रिझर्व्ह बँक होय. प्रत्येक बँकेचे खाते तिच्यापाशी असते. आरटीजीएसमध्ये प्रत्येक रक्कम सुटी सुटी आणि तत्क्षणी वळती होते. ही सोय दोन लाख रुपये व त्यावरील रकमांसाठी आहे. एनईएफटीत अर्ध्या तासाच्या तुकडीतील सर्व रकमा एकत्र करून प्रत्येक बँकेचे निव्वळ येणेदेणे काढतात. शराफांची जुनी वळती येथे यंत्रावर चढलेली दिसते. पूर्वी हा व्यवहार कचेरीच्या वेळेतच होई. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी व १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाली, आणि बचत खातेदाराने मोबाईलवरून केलेल्या एनईएफटीवरील शुल्क १ जानेवारी २०२० पासून बंद झाले. शेकडा पाचावरून शून्यावर येण्यास १८८० पासून एकशे चाळीस वर्षे लागली. चेकाचे कागदी दळणवळणही संपून त्याच्या छायाचित्रावर काम होऊ लागले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग समाशोधनात घेण्याची पद्धत चालू झाली.

या मोठ्या दारातून सर्वांस एकदम प्रवेश मिळाला असे मात्र नाही. गावोगावच्या शेतकऱ्याचे खाते बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत अथवा एखाद्या नागरी सहकारी बँकेत. अशा अनेक लहान बँकांना या व्यवस्थेत स्वतःचे स्थान नव्हते. त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसदस्य म्हणून तिच्या खांद्यावरून पैसे घेत व देत. म्हणजे मधल्या तिसऱ्यापुढे आणखी एक चौथा. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा काही दिवसांतच जिल्हा बँकांना त्या स्वीकारण्यास मनाई झाली, आणि ज्यांची तीच एक बँक होती त्यांची जी धावाधाव झाली ती अजून ताजी आहे.

२०१० हे वर्ष आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष होय. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरास शहादा तालुक्यातील टेंभली या गावी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिली आधार ओळखपत्रे देण्यात आली. दोन महिन्यांच्या आत, २२ नोव्हेंबरास, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तात्काळ पैसे नेणारी आयएमपीएस सेवा सुरू झाली. २०१६ साली तिच्या पायावर यूपीआय उभी राहिली. यूपीआयत घेणाऱ्याच्या खात्यात रक्कम क्षणात दिसते. बँकांचा आपसातला हिशेब नंतर, दिवसातून काही वेळा, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळामार्फत रिझर्व्ह बँकेच्या वहीत पुरा होतो. साध्या फोनवाल्यांसाठी २०२२ मध्ये १२३पे ही तऱ्हा निघाली.

आधार क्रमांकावरून सरकारी अनुदाने परस्पर खात्यात जाऊ लागली, आणि येथे अक्राणीसारख्या भागात एक नवा घोटाळा उत्पन्न झाला. ज्या बाईचे खाते दोन बँकांत आहे तिची रक्कम कोठे जाते? तिने अर्जावर लिहिलेल्या बँकेतच जाईल असे नाही. आधार क्रमांक ज्या बँकेशी शेवटी जोडला गेला तेथे ती जाते. एखाद्या शिबिरात, एखाद्या टेबलावर अंगठा देऊन उघडलेले खाते ती विसरलेली असते, आणि पैसे निमूटपणे त्यातच जमा होत राहतात. जुन्या बँकेत ती विचारावयास गेली की 'आले नाहीत' हे उत्तर मिळते, आणि ते खरेही असते. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहाचे पंधराशे रुपये सुरू झाले, तेव्हा हा प्रश्न घरोघर आला. आपल्या ज्ञातीतील शिकलेल्या तरुणांनी शेजारच्या पाड्यावरील एकेका बाईस, तिचा आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, एवढे पाहून दिले, तर ती दानधर्माहून मोठी सेवा ठरेल.

रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर काय, हा प्रश्न उरतो. शहाजोग हुंडीत पैसे उचलणारा शहा जबाबदार होता. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये वर्षानुवर्षे केवळ खाते क्रमांक पाहिला जाई, नाव जुळविले जात नसे. एक आकडा चुकला की भार पाठविणाऱ्यावर. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी आदेश काढून, पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगितले. म्हणून मुलाची फी अथवा मालाची किंमत पाठविताना ते नाव वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. यूपीआयने पाठविलेले पैसे आपल्या खात्यातून गेले व पलीकडे जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम सप्टेंबर २०१९ च्या आदेशाने झाला आहे. हा नियम ठाऊक नसल्यामुळे ती कोणी मागत नाही. आणि फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. येथे तासांना किंमत आहे.

आज सुरतेच्या बांधकामावरील पावरा तरुण जेवणाच्या सुटीत पैसे पाठवितो आणि ते त्याच क्षणी धडगावच्या खात्यात येतात. तेथून पुढचा प्रवास जुनाच आहे. आतल्या पाड्यांवर मोबाईलची लहर कधी असते, कधी नसते. रोकड हवी तर धडगावास उतरावे लागते. बँकेच्या शाखा थोड्या, म्हणून बँकमित्र अंगठा घेऊन पैसे देतो. शेतात व दगडमातीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, मग दुसरे बोट, तिसरे बोट, आणि पुन्हा पुढच्या बाजारी. काही बँकमित्र पावती देतात, काही देत नाहीत, आणि काही शंभरातून दहा ठेवून घेतात. बाजारच्या दिवशी त्या टेबलापुढे जी रांग लागते तिच्यातील कित्येकांच्या पिशवीत दोन पासबुके असतात, आणि कोणते पुढे करावे हे ती माणसे टेबलावरील मुलालाच विचारतात.